पाण्याचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. बेसिनखाली, भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. सकाळी कुणीतरी मला फरशीवर आडवं ठेवतं, माझ्यावर पाय ठेवतं, खाली वाकून बघतं आणि पुन्हा भिंतीला लावतं. पाय ठेवायला काळं रबर, काचेखाली गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारी लाल सुई, एवढाच माझा संसार.

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलं की जो तो आपले गुण गातो. मला ते जमणार नाही. या घरात एका माणसाला उगाच दोषी ठरवलं गेलं आणि ठरवताना दर वेळी माझ्याकडे बोट दाखवलं गेलं. ज्याच्या साक्षीने अन्याय झाला, त्याला चैन कुठून पडणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका यंत्राने माझा पत्रा दाबला, दुसऱ्याने भोकं पाडली आणि एका बाईंनी बारीक चिमट्याने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली. शेवटच्या टेबलावर जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक तपासनीस बसत. त्यांनी माझ्यावर लोखंडी मापं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली आणि नाक खाजवत म्हणाले, "बरा आहे. जाऊ दे पुढे." माझं पहिलं कौतुक ते. त्या 'बरा आहे'वर मी कितीतरी वर्षं खूश होतो.

तिथून मी एका शाळेच्या खेळाच्या खोलीत आलो. मैदान आखायच्या फक्कीची पोती, हवा गेलेले चेंडू, गुंतलेल्या जाळ्या आणि मी. तिथल्या पी.टी.च्या बाई उंच, काटक, सरळ मानेने चालणाऱ्या. मुलं त्यांना मागून 'शिट्टीबाई' म्हणत आणि समोर आल्या की पोट आत घेऊन उभी राहत. मला पुढे कायमचं त्यांच्या घरी राहायचं होतं आणि घरी सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दम पायांना लागत नाही, मनाला लागतो. मन पुढे गेलं की पाय आपोआप जातात." हे वाक्य ऐकून कितीतरी रडवी मुलं धावायला लागली आणि जिंकलीसुद्धा. ताई कडक होती, पण दुष्ट नव्हती. एकदा एका काडीपैलवानाने संघात निवड व्हावी म्हणून खिशांत खडे भरून माझ्यावर उडी मारली. ताईने त्याचे खिसे उलटे केले, खड्यांचा ढीग पाहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि त्याला संघात घेतलं. "एवढी अक्कल ज्याला आहे, तो खेळेल," म्हणाली.

पुढे शाळेत बटणवाला नवा काटा आला. मला जाळ्यांखाली ढकललं गेलं. माणसाला म्हातारपण येतं, वस्तूची अडगळ होते. माझ्यावर धूळ साचली, एका उंदराने माझं रबर कुरतडून पाहिलं आणि नापसंत करून सोडून दिलं. मी कुणाच्या तरी पायांची वाट पाहत पडून होतो. म्हणून एके दिवशी ताईने मला ओढून बाहेर काढलं, फडक्याने पुसलं आणि स्कूटरवर पायांशी ठेवून घरी नेलं, तेव्हा मला हर्ष झाला. तो हर्ष आठवला की आज मला लाज वाटते. मला का नेत आहेत, हे मला ठाऊक नव्हतं.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरात आई, ताई आणि ताईची धाकटी बहीण. तिला सगळे चिंगी म्हणत. दोघींत दहा-बारा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले, आई दिवसभर कामावर, त्यामुळे चिंगीच्या वेण्या घालणं, तिला पाढे शिकवणं, सायकलमागे धावणं, सगळं ताईनेच केलं होतं. चिंगी आता बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. आवाज असा की झोपलेला प्रवासीही सामान घेऊन उठावा. घरीसुद्धा ती तशीच बोलायची. "इकडे लक्ष द्या. गॅसवरचं दूध उतू जाण्याच्या तयारीत आहे. संबंधितांनी त्वरित धाव घ्यावी." आई हसत हसत धावायची.

पण त्या वर्षी तिच्या घोषणा मधेच तुटायला लागल्या होत्या. गाडीचं नाव सांगून ती थांबायची, श्वास घ्यायची, मग फलाटाचा क्रमांक सांगायची. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहायची. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसायचा. गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, मग दम्याचा पंप दिला, मग म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." आजार हत्तीच्या पावलांनी येतो, असं माणसं म्हणतात. हा मात्र मुंगीच्या पावलांनी आला, म्हणून कुणाला चाहूल लागली नाही.

ताईचं निदान तयार होतं. "तुझं वजन वाढलंय. बसून बसून अंग जड झालंय. उद्यापासून काट्यावर उभी राहा आणि माझ्यासोबत जिने चढ."

अशा रीतीने मी या घरात नोकरी धरली. रोज सकाळी चिंगी माझ्यावर उभी राहायची. तिच्या तळव्यांवरून मला जाणवायचं, पाय फुगलेले आहेत, बोट दाबलं तर खळगा पडेल. पण मला सुई फिरवण्यापलीकडे काय येतं? आठवडे गेले, ती निम्मं जेवायला लागली, तरी सुई पुढेच सरकत होती.

"स्टँडवरच्या कँटीनमध्ये काय काय हाणतेस?" ताई विचारायची.

"काही नाही गं. खरंच. दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखं होतं."

"खोटं बोलू नकोस. माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी स्तुती ही, आणि तीच माझ्या जिव्हारी लागली. मी खोटं बोललो नव्हतो. पण मी सांगितलेलं खरं एका निरपराध माणसाच्या तोंडावर फेकलं जात होतं आणि माझ्याकडे दुसरं काही सांगायला शब्द नव्हता.

एका सकाळी दार उघडं होतं. ताई तिसऱ्या मजल्याच्या टोकाला उभी राहून टाळ्या वाजवत होती. "चल, चल! अर्धाच मजला राहिला! मन पुढे ने!" खालून चिंगीचा आवाज आला, "ताई, डोळ्यांपुढे..." तेवढाच. मग काहीतरी आपटलं आणि टाळ्या थांबल्या. "चिंगे!" अशी ताईची हाक मी आजवर दुसऱ्यांदा ऐकलेली नाही, आणि ऐकायची इच्छाही नाही. शेजारी धावले. चिंगीचे ओठ निळे पडले होते, असं आई नंतर पुन्हा पुन्हा सांगायची.

त्यानंतर बरेच दिवस माझ्यावर कुणी पाय ठेवला नाही. मोठ्या दवाखान्यात आधी हृदयाची सोनोग्राफी झाली, मग बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत नेऊन आतला दाब मोजला गेला. तेव्हा कुठे आजाराला नाव मिळालं: फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला रक्तदाब. चिंगी घरी आली आणि तिने आईला तो आपल्याच भाषेत समजावून सांगितला. उशीला टेकून, मधे मधे थांबत.

"इकडे लक्ष द्या. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून... फुफ्फुसांकडे जाणाऱ्या सर्व वाटा... आतून अरुंद झाल्या आहेत. त्यामुळे उजव्या कप्प्याला फार जोर लावावा लागत असून... सर्व गाड्या उशिराने धावत आहेत. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल..." पुढे तिला बोलवेना. आई आधी हसली आणि मग पदरात तोंड लपवून रडली.

"पण तुझा बीपी तर चांगला होता," आई म्हणाली.

"दंडाला पट्टा बांधून मोजतात तो वेगळा, आई. हा फुफ्फुसांच्या वाटेवरचा. तो असा बाहेरून दिसत नाही. म्हणून तर सगळेच चुकले."

ताईने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, "मी जिने चढवले म्हणून झालं का हे?" डॉक्टर म्हणाल्या होत्या, "नाही. आजार त्याने होत नाही. पण थकलेल्या हृदयावर तेवढा जोर टाकणं धोक्याचं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं. आम्हा डॉक्टरांनाही हा ओळखायला उशीर होतो." यातलं 'नाही' ताईला ऐकूच आलं नाही. 'धोक्याचं होतं' तेवढं तिच्या मनात रुतून बसलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला काखेत मारलं आणि दाराकडे निघाली.

"कुठे नेतेस त्याला?" चिंगीने पलंगावरून विचारलं.

"भंगारात. मला तो डोळ्यांसमोर नको."

"अगं, त्याचा काय दोष? माझ्या अंगात पाणी साठत होतं. तो बिचारा पाणी दाखवत होता. आपण चरबी समजलो."

ती 'आपण' म्हणाली, 'तू' म्हणाली नाही. त्या एका शब्दाने ताई जास्तच खचली. मला खाली ठेवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. शिवाय मला टाकून चालणारच नव्हतं. दवाखान्यात रुग्णांना समजावून सांगणाऱ्या एक सिस्टर होत्या, त्यांनी रोज सकाळी वजन करायला बजावलं होतं.

आता ताईने दुसरं टोक गाठलं. चिंगीला पाण्याचा पेला उचलू देईना. ती खिडकीपाशी गेली की ही मागे, आंघोळीला गेली की ही दाराबाहेर. जेवणातलं मीठ तिने एवढं कमी केलं की आई म्हणाली, "अगं, डॉक्टरांनी कमी सांगितलंय, शिक्षा नाही सांगितली." शाळेतही ताईची शिट्टी वाजेना, असं ऐकलं. माफी मात्र तिच्या तोंडून निघत नव्हती. जी बाई मैदानभर ओरडायची, तिला घरातल्या घरात दोन शब्द जड झाले होते.

शेवटी एकदा चिंगी वैतागली. "ताई, आधी तू मला थांबू देत नव्हतीस, आता चालू देत नाहीस. मी मधे कधी जगायचं?"

पुढच्या आठवड्यात या आजाराच्या रुग्णांची आणि घरच्यांची दवाखान्यात बैठक होती. सिस्टरांनी वजनकाटा घेऊन यायला सांगितलं होतं, त्यामुळे मीही गेलो. एक लांबट खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या. काहींच्या नाकाला प्राणवायूची नळी, काही दिसायला अगदी धडधाकट. एवढ्या लोकांत चिंगी पहिल्यांदाच कुणाला काही न समजावता बसली. तिथे सगळेच वाक्याच्या मधे थांबत होते.

सिस्टरांनी मला मधोमध ठेवलं. "काटा कडक फरशीवर ठेवायचा. सकाळी उठलं, लघवीला जाऊन आलं, की काही खाण्यापिण्याआधी वजन. रोज त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. दोन दिवसांत किलोभर वाढलं, पाय सुजले, पोट टम्म वाटलं, झोपताना जास्त उशा लागायला लागल्या, की आम्हाला फोन करा. चक्कर आली, छातीत दुखलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा. आपल्या मनाने गोळ्या वाढवायच्या नाहीत, आणि बरं वाटतंय म्हणून बंद तर कधीच करायच्या नाहीत. संपायच्या आधी आणून ठेवा." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आणि एक. वजन वाढणं हा गुन्हा नाही. ती नुसती बातमी आहे. बातमी आणणाऱ्याला रागावलं की पुढची बातमी येत नाही."

मूल होऊ देणं या आजारात जिवावर बेतू शकतं, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यावर चिंगीने खाली बघितलं. त्या दिवशी तिने एकही विनोद केला नाही.

मग एक शिंपीकाका बोलायला उठले. शेजारी त्यांची बायको बसली होती. "हिचे कपडे मीच शिवतो. दर थोड्या दिवसांनी कंबर उसवून सैल करायचो आणि म्हणायचो, जरा हात आवर. जिना चढताना थांबली की नाटकी म्हणायचो. टेप माझ्या हातात होती हो, पण मला माप कळलं नाही."

बायको म्हणाली, "आता रोज माफी मागतात. सकाळी एक, रात्री एक, गोळीसारखी. मी म्हटलं, त्याने माझा दम कमी होत नाही. त्यापेक्षा वरच्या फळीवरचे डबे खाली काढून ठेवा." सगळे हसले. ताई हसली नाही. ती शिंपीकाकांकडे एकटक बघत होती.

हळूहळू चिंगीला बरं वाटू लागलं. डॉक्टरांनी बसून करायचं काम करायला परवानगी दिली. सोमवारी ती रुजू होणार, असं ठरलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्यावर उभी राहताना तिने बेसिनवर तळहात टेकवायला सुरुवात केली.

मित्रांनो, हात टेकवला की अंगाचा थोडा भार तिकडे जातो आणि सुई मागे राहते. पहिल्या दिवशी मला वाटलं, तोल जात असेल. दुसऱ्या दिवशी हात जास्त जोराने टेकला. ताई दारातून विचारायची, "किती?" चिंगी आकडा सांगायची. "छान, कालच्याएवढंच," म्हणून ताई निश्चिंत व्हायची. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की तळवे माझ्या रबरावर जास्त पसरतायत, पाय पुन्हा फुगलेत. पण काट्याला तोंड नसतं. आधी माझं खरं बोलणं तिला भोवलं, आता माझं खोटं बोलणं तिच्या जिवावर उठलं होतं.

शनिवारी सकाळी चिंगीने सोमवारी घालायचे सँडल घालून पाहिले. पट्टा लागेना. तिने ओढला, तरी लागेना. ताई दारात उभी होती. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा वीज कडाडणार. पण ताईने तोंड मिटलं, ती आत आली आणि ओल्या फरशीवर, माझ्या शेजारी, मांडी घालून बसली.

"चिंगे, मला आकडा नको. तुला कसं वाटतंय, ते सांग."

चिंगीने पट्टा सोडून दिला. "झोपताना तीन उशा लागतायत."

"का नाही सांगितलंस?"

"आकडा वाढला की तुझा चेहरा बदलतो. आधी चिडायचा, आता रडवेला होतो. मला दोन्ही नको वाटतं. आणि मला स्टँडवर जायचंय गं. मला तिथे कुणी आजारी म्हणत नाही."

ताईने मान खाली घातली. "तू खरं सांगत होतीस. पहिल्या दिवसापासून. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. तुझ्याशी बोलायचं सोडून मी याला विचारत बसले. चुकलं माझं."

"हो," चिंगी म्हणाली. "चुकलं."

'जाऊ दे' असं ती म्हणाली नाही. मला बरं वाटलं. काही चुकांना 'जाऊ दे' म्हटलं की त्या जात नाहीत, पलंगाखाली जाऊन बसतात.

मग चिंगी माझ्यावर चढली. दोन्ही हात तिने स्वतःहून बाजूला सोडले. सुई सरकली ती चांगलीच पुढे जाऊन थांबली. ताईने पाहिलं. ती चिडली नाही, रडली नाही. उठली, ओला पदर खोचला आणि सिस्टरांना फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "लगेच घेऊन या. बरं केलंत, आज फोन केलात. सोमवारी उशीर झाला असता."

काही दिवस चिंगी दवाखान्यात राहिली. सुईवाटे औषध देऊन अंगातलं पाणी काढलं, एक नवी गोळी वाढवली. परत आली ती हलकी होऊन आणि थोडी चिडून, कारण तिथल्या माईकवर घोषणा करणारा माणूस फार वाईट बोलत होता म्हणे.

चिंगी कामावर गेली, ठरलेल्या सोमवारी नाही, पण गेली. आता ती एकेक घोषणा तुकड्यांत करते आणि मधे शांतपणे श्वास घेते. प्रवासी म्हणतात, पूर्वीपेक्षा नीट कळतं. काही दिवस वाईट जातात, त्या दिवशी ती घरी राहते आणि कुणी कारण विचारत नाही. शाळेत एखादी मुलगी धावताना खाली बसली, तर ताई आधी तिच्याजवळ जाऊन बसते आणि दोनदा तसं झालं तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवते. तरीही अजून कधी कधी, चिंगीचं वजन बघताना, ताईचे डोळे भरतात. परवा चिंगी तिला म्हणाली, "ताई, माझा आजार काही जायचा नाही. तुझा तरी जाऊ दे." ताई हसली. पण तो लगेच जाणार नाही. माझाही गेलेला नाही.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. मला कोरडं ठेवा, माझ्यावर उड्या मारू नका, एवढं मी माझ्यासाठी मागतो. दुसरं मागणं मोठं आहे. तुमच्या घरात कुणी म्हणालं, की मला दम लागतो, तर त्याला आळशी म्हणण्याआधी, सल्ला देण्याआधी, बसायला खुर्ची द्या. मग विचारा, काय होतंय. आणि उत्तर मधेच तोडू नका. दम लागलेल्या माणसाचं वाक्य पूर्ण व्हायला जरा वेळ लागतो. तेवढं थांबा.